सात भागिले दोन किती?



सात भागिले दोन किती, असे कोणी विचारले तर तुम्ही काय सांगाल? तुमच्यापैकी बहुतेक जण 'साडेतीन' म्हणतील. पण घरात तिसरी-चौथीत शिकणारे धाकटे भावंड असेल तर हाच प्रश्न त्याला विचारून पाहा. ते म्हणेल, 'भागाकार तीन, बाकी एक.' आता या दोघांत चूक कोणाचे? कोणाचेच नाही! एकाच प्रश्नाची ही दोन बरोबर उत्तरे आहेत. मात्र कोणते उत्तर कोठे वापरायचे हे कळले नाही, तर दोन्ही उत्तरे चुकीची ठरू शकतात. संगणकाकडून काम करून घेताना तर ही गोष्ट फार जपावी लागते.

काही वर्षांपूर्वीची एक हकीकत सांगतो. एका महाविद्यालयात अंतर्गत चाचण्यांचे गुण संगणकावर चढवले जात होते. सहा विषय, प्रत्येक विषयाची चाचणी ४० गुणांची. हे गुण निम्मे करून, म्हणजे २० पैकी, गुणतक्त्यात धरायचे होते. एक विद्यार्थिनी कागद घेऊन माझ्याकडे आली. तिचे सहा विषयांतले गुण होते ३१, ३३, २९, ३५, २७ आणि ३३. बेरीज १८८. निम्मे केल्यावर ९४ व्हायला हवेत. गुणतक्त्यात मात्र होते ९१. तिच्या मैत्रिणीचे गुण होते ३०, ३२, २८, ३४, २८ आणि ३४. बेरीज १८६, निम्मे ९३. तिच्या गुणतक्त्यात बरोबर ९३ होते. "सर, मला तिच्यापेक्षा दोन गुण जास्त मिळाले होते, आणि तक्त्यात मी तिच्या दोन गुण मागे गेले. हे कसे?" असे ती विचारत होती. कार्यालयात तिला एवढेच उत्तर मिळाले होते, की हिशेब संगणकाने केला आहे, तो चुकणार नाही.

संगणक चुकला नव्हता हे खरे. पण हिशेब मात्र चुकला होता! या दोन वाक्यांचा मेळ कसा घालायचा, तेच आज आपण पाहू.

मोजणे आणि मापणे

भागाकार आपण शाळेत दोनदा शिकतो. प्रथम प्राथमिक शाळेत. तेथे सात पेन्सिली दोन मुलांत वाटायच्या असतात. प्रत्येकाला तीन मिळतात आणि एक उरते. अर्धी पेन्सिल कोणी देत नाही. या भागाकाराचा नियम तुम्हाला पाठ असेल:

भाज्य = भाजक × भागाकार + बाकी

७ = २ × ३ + १

पुढच्या इयत्तेत आपण दशांश अपूर्णांक शिकतो आणि मग बाकी उरू देत नाही. दशांशचिन्ह देऊन, शून्य घेऊन भाग पुढे चालू ठेवतो. सात मीटर कापडाचे दोन सारखे तुकडे करायचे तर प्रत्येक तुकडा ३.५ मीटरचा होतो. येथे 'तीन मीटर आणि बाकी एक' म्हणून थांबणारा शिंपी आपल्याला चालणार नाही.

फरक कशात आहे ते तुमच्या लक्षात आले असेलच. पेन्सिली आपण मोजतो, कापड आपण मापतो. माणसे, नाणी, बसगाड्या, पुस्तकाची पाने या मोजण्याच्या गोष्टी आहेत. त्यांचा भागाकार पूर्णांकांत करायचा आणि बाकी वेगळी सांभाळायची. लांबी, वजन, वेळ, तापमान, सरासरी या मापण्याच्या गोष्टी आहेत. त्यांचा भागाकार दशांशांत करायचा.

कधीकधी दोन्ही प्रकार एकाच ठिकाणी येतात. क्रिकेटचे उदाहरण घ्या. एका संघाने १०६ चेंडूंत १५९ धावा केल्या. धावफलकावर षटके किती दिसतील? १०६ भागिले ६, भागाकार १७, बाकी ४. म्हणून फलकावर '१७.४ षटके' असे लिहितात. हा ठिपका दशांशचिन्हासारखा दिसतो, पण ते दशांशचिन्ह नव्हे! त्याच्या डावीकडे भागाकार आहे आणि उजवीकडे बाकी. म्हणूनच १७.५ नंतर १७.६ येत नाही, एकदम १८ येतात. आता षटकामागे धावांची सरासरी काढायची असेल आणि कोणी १५९ ला १७.४ ने भागले, तर उत्तर सुमारे ९.१४ येईल. ते चूक आहे. १०६ चेंडू म्हणजे १७.६६६… षटके, आणि खरी सरासरी नेमकी ९ आहे. फलक मोजतो, सरासरी मापते. दोन्हींत भागाकार आहे, पण तो निरनिराळा आहे.

संगणक कोणता भागाकार करतो?

आपण माणसे संदर्भ पाहून भागाकार निवडतो. पेन्सिल म्हटले की थांबतो, कापड म्हटले की पुढे जातो. संगणकाला पेन्सिलही ठाऊक नाही आणि कापडही ठाऊक नाही. त्याच्यापुढे फक्त संख्या असतात. मग तो ठरवतो कसे? पुष्कळशा संगणकभाषांत याचे उत्तर असे आहे: संख्या कोणत्या प्रकारची आहे, ते पाहून.

'सी' ही भाषा घेऊ. बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास ती तयार केली आणि आजही ती सर्वत्र वापरात आहे. या भाषेत भागाकारासाठी तिरकी रेघ वापरतात. (गुणाकारासाठी तारका वापरतात, येथे वाचायला सोपे जावे म्हणून नेहमीचे × हे चिन्ह छापले आहे.) आता पाहा:

७ / २ लिहिले तर उत्तर ३
७.० / २ लिहिले तर उत्तर ३.५
७ / २.० लिहिले तर उत्तर ३.५

दोन्ही संख्या पूर्णांक असतील तर भागाकारही पूर्णांकच मिळतो, दशांशाचा भाग छाटला जातो. दोहोंपैकी एक जरी दशांशचिन्हाने लिहिली, तरी दशांशातला भागाकार होतो. गणितात ७ आणि ७.० यांत काहीच फरक नाही. या भाषेत मात्र '.०' ही दोन चिन्हे लिहिली की नाही, यावर उत्तर बदलते.

येथे नवशिके नेहमी एका ठिकाणी फसतात. ते म्हणतात, "मी उत्तर ठेवण्यासाठी दशांश संख्येची जागा राखून ठेवली आहे, म्हणजे ३.५ च मिळेल." पण तसे होत नाही. भागाकार आधी होतो, उत्तर जागेवर नंतर ठेवले जाते. भागाकार होतानाच उत्तर ३ झाले, तर त्या जागेत ३.० एवढेच जाणार. पातेले मोठे घेतले म्हणून त्यातले दूध वाढत नाही!

आता त्या विद्यार्थिनीच्या गुणांकडे वळू. प्रत्येक विषयाचे गुण पूर्णांक म्हणून साठवले होते आणि त्यांना पूर्णांक २ ने भागले होते. म्हणून ३१ चे १५ झाले, ३३ चे १६, २९ चे १४, ३५ चे १७, २७ चे १३ आणि पुन्हा ३३ चे १६. त्यांची बेरीज करा, बरोबर ९१ येते. तिचे सगळे गुण विषम होते, म्हणून प्रत्येक विषयात तिचा अर्धा गुण छाटला गेला. मैत्रिणीचे सगळे गुण सम होते, तिचे काहीच गेले नाही. आज्ञावली लिहिणाऱ्याने कोणाचा द्वेष केला नव्हता. पण मापण्याच्या ठिकाणी त्याने मोजण्याचा भागाकार वापरला, आणि नुकसान कोणाचे व्हायचे ते निव्वळ सम-विषमावर ठरले.

क्रम बदलला तर?

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत हीच चूक दुसऱ्या रूपात भेटते. गतिज ऊर्जेचे सूत्र तुम्ही शिकला आहात: वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, याच्या निम्मे. विद्यार्थी पुस्तकातले सूत्र जसेच्या तसे 'सी' भाषेत उतरवतात आणि सुरुवातीलाच १ / २ असे लिहितात. वस्तुमान २ किलोग्रॅम, वेग सेकंदाला ३ मीटर. ऊर्जा ९ ज्यूल यायला हवी. उत्तर येते शून्य! वेग कितीही वाढवा, ऊर्जा शून्यच. कारण १ / २ चा पूर्णांक भागाकार शून्य, आणि शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच.

तेच सूत्र '२ × ३ × ३ / २' असे लिहिले तर १८ / २ म्हणजे ९ हे बरोबर उत्तर मिळते. वहीवरच्या गणितात आधी भागा की आधी गुणा, उत्तर एकच. पूर्णांकांच्या भागाकारात तसे नाही. आधी भागले तर आधीच छाटणी होते आणि गेलेला भाग नंतर परत येत नाही. अर्थात नुसता क्रम बदलणे हा पुरता उपाय नव्हे. वस्तुमान १ असते तर ९ / २ होऊन ४.५ ऐवजी ४ आले असते. येथे मापण्याचे काम आहे, तेव्हा १.० / २.० किंवा ०.५ लिहिणे हेच योग्य.

शेकडेवारी काढतानाही असेच घडते. ६०० पैकी ४३१ गुण. कोणी '४३१ / ६०० × १००' असे लिहिले तर उत्तर शून्य टक्के. साऱ्या वर्गाला शून्य टक्के मिळतील, फक्त पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्याला १०० टक्के! '४३१ × १०० / ६००' लिहिले तर ७१, आणि '४३१ × १००.० / ६००' लिहिले तर ७१.८३ हे खरे उत्तर. अशा चुकांत शून्य टक्के ही चूक एका परीने बरी, कारण ती लगेच डोळ्यांत भरते. ९४ चे ९१ झालेले मात्र कोणाच्या लक्षातही येत नाही.

दोन प्रकार ठेवलेच कशाला?

तुम्ही विचाराल, मग संगणकाने सरसकट दशांशातच भागाकार का करू नये? याचे कारण संगणकाच्या स्मृतीत आहे.

संगणक सर्व संख्या ० आणि १ या दोनच अंकांनी लिहितो. पूर्णांक तो सरळ द्विमान पद्धतीत लिहितो. ७ म्हणजे १११. ३२ अंकांची जागा दिली तर त्यात सुमारे उणे २१४ कोटींपासून अधिक २१४ कोटींपर्यंतचा प्रत्येक पूर्णांक अगदी नेमका मावतो. त्याबाहेरची संख्या मावत नाही, पण आतली एकही चुकत नाही.

दशांश संख्येची तऱ्हा वेगळी. प्रकाशाचा वेग आपण ३ × १०⁸ असा लिहितो, तशी ती दोन भागांत साठवतात: एका भागात महत्त्वाचे अंक आणि दुसऱ्या भागात घातांक. त्यामुळे प्रचंड मोठ्या आणि अतिशय लहान संख्याही लिहिता येतात. पण महत्त्वाच्या अंकांना जागा ठरावीकच असते, म्हणून पुष्कळदा नेमक्या संख्येऐवजी तिच्या अगदी जवळची संख्या साठवली जाते.

साठवण निराळी म्हणून गणित करणारी यंत्रणाही निराळी. १९७८ साली आलेल्या इंटेलच्या ८०८६ या प्रोसेसरला स्वतः फक्त पूर्णांकांचे गणित येत होते. दशांशांच्या गणितासाठी १९८० मध्ये ८०८७ नावाची वेगळी चिप आली. ती विकत घेऊन शेजारी बसवावी लागे. आज दोन्ही यंत्रणा एकाच चिपवर असतात, पण आतून त्या वेगळ्याच आहेत.

भाषांनी काय केले?

पहिल्या प्रसिद्ध संगणकभाषांपैकी एक म्हणजे 'फोरट्रान'. आयबीएम कंपनीत जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९५७ साली वापरात आणली. तिच्यात एक गमतीदार संकेत होता. वेगळे काही सांगितले नसेल तर आय, जे, के, एल, एम, एन या सहा इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारे नाव पूर्णांकाचे, आणि बाकीच्या अक्षरांनी सुरू होणारे नाव दशांश संख्येचे. भागाकाराचे चिन्ह मात्र दोघांनाही एकच. तेव्हा नावाचे पहिले अक्षर बदलले तरी उत्तर बदलू शके!

१९६० च्या 'अल्गोल' भाषेत दोन भागाकारांना दोन चिन्हे दिली होती. १९७० साली निक्लाऊस विर्थ यांनी केलेल्या 'पास्कल' भाषेत तिरकी रेघ म्हणजे दशांशांतला भागाकार आणि 'डिव्ह' हा शब्द म्हणजे पूर्णांकांतला. 'सी' आणि तिच्या वळणावर गेलेली 'जावा' यांनी मात्र फोरट्रानप्रमाणे एकच चिन्ह ठेवले.

'पायथन' या भाषेची गोष्ट यात सर्वांत बोधप्रद आहे. खिडो फान रॉसम यांनी ती १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. सुरुवातीला तिच्यातही ७ / २ चे उत्तर ३ येत असे. पण सी भाषेत प्रत्येक संख्येचा प्रकार आधी जाहीर करावा लागतो, पायथनमध्ये तसे नाही. एखाद्याने सरासरी वेग काढण्याची आज्ञावली लिहिली. कोणी तिला ७.० मीटर दिले तर उत्तर बरोबर, कोणी सहज ७ लिहिले तर उत्तर चूक. आणि ही चूक संगणक मुकाट्याने करी, कसलीही सूचना देत नसे. म्हणून २००१ मध्ये असा बदल सुचवला गेला, की दोन भागाकारांना दोन चिन्हे द्यावीत. २००८ च्या डिसेंबरात आलेल्या पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून तो पक्का झाला:

७ / २ म्हणजे ३.५
७ // २ म्हणजे ३
७ % २ म्हणजे १ (ही बाकी)

चालू असलेल्या भाषेत भागाकारासारखी मूळ क्रिया बदलणे सोपे नव्हते. जुन्या आज्ञावल्या बिघडणार होत्या. पण मुकाट्याने चुकणे त्याहून वाईट, असे ठरवून त्यांनी ते केले.

उण्या संख्यांचे काय?

पूर्णांकांचा भागाकार म्हणजे दशांशाचा भाग छाटणे, असे आपण म्हटले. आता उणे सात भागिले दोन घ्या. खरे उत्तर उणे ३.५. पूर्णांक कोणता घ्यायचा, उणे ३ की उणे ४? संख्यारेषा डोळ्यांपुढे आणा. सी भाषेत शून्याच्या दिशेने सरकतात, म्हणून उत्तर उणे ३. (१९९९ च्या प्रमाणित नियमांपूर्वी या भाषेत हे त्या त्या यंत्रणेवर सोपवले होते.) पायथनमध्ये नेहमी डावीकडे सरकतात, म्हणून उत्तर उणे ४. बाकीही त्याप्रमाणे बदलते. भाज्य, भाजक, भागाकार, बाकी यांचा नियम दोन्हीकडे पाळला जातो:

सी: −७ = २ × (−३) + (−१)
पायथन: −७ = २ × (−४) + १

याचा व्यवहारात उपयोग काय? समजा, सोमवारला ०, मंगळवारला १, असे करत रविवारला ६ हा क्रमांक दिला. आज मंगळवार आहे; दहा दिवसांपूर्वी कोणता वार होता? १ − १० = −९. त्याला ७ ने भागून बाकी काढा. पायथन सांगेल ५, म्हणजे शनिवार, बरोबर. सी सांगेल उणे २. 'उणे दोन' नावाचा वार आपल्या पंचांगात नाही! तेथे आणखी ७ मिळवून ५ करावे लागतात. वार, घड्याळ, महिने अशा फिरून येणाऱ्या गोष्टींत बाकी हेच उत्तर असते, भागाकार नव्हे.

दशांशही निर्दोष नाही

आता तुम्हाला वाटेल, दशांशाचा भागाकार वापरला की काळजी मिटली. तसेही नाही. १ भागिले ३ केले तर ०.३३३… असा भाग कधीच संपत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. अतिसंक्षिप्त रूपात लिहिलेल्या अपूर्णांकाच्या छेदाचे मूळ अवयव फक्त २ आणि ५ असतील, तरच दशांश रूप संपते. संगणकाच्या द्विमान पद्धतीत तर फक्त २ हाच अवयव चालतो. म्हणजे १ भागिले १०, आपला साधा ०.१, तोसुद्धा तेथे संपत नाही! त्याचे रूप ०.०००११००११००११… असे अखंड चालते. संगणक ते कोठेतरी थांबवतो. म्हणून पायथनमध्ये ०.१ + ०.२ करून पाहिले तर ०.३ ऐवजी ०.३०००००००००००००००४ असे उत्तर दिसते.

एवढ्याशा चुकीने काय होते, असे म्हणू नका. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी, आखाती युद्धात, सौदी अरेबियातील धहरान येथे अमेरिकन सैनिकांच्या निवासावर इराकचे स्कड क्षेपणास्त्र आदळले आणि २८ सैनिक मारले गेले. ते अडवण्यासाठी ठेवलेल्या पेट्रियट यंत्रणेचे घड्याळ वेळ सेकंदाच्या दशांशांत, पूर्णांक म्हणून मोजत असे. त्याचे सेकंद करण्यासाठी ०.१ ने गुणावे लागे, आणि हा ०.१ चोवीस द्विमान अंकांत छाटून ठेवलेला होता. एका दशांश सेकंदामागे पडणारी चूक सेकंदाच्या कोट्यंशाइतकी होती. पण यंत्रणा सुमारे १०० तास अखंड चालू होती, आणि तेवढ्या वेळात चूक साचत साचत सुमारे ०.३४ सेकंद झाली. स्कडचा वेग सेकंदाला दीड किलोमीटरहून अधिक. म्हणजे यंत्रणा त्याला अर्ध्या किलोमीटरहून अधिक लांब, भलत्याच जागी शोधत राहिली.

पैशांचे हिशेब करणारे जाणकार म्हणूनच रुपये दशांशांत ठेवण्याऐवजी सगळी रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवणे पसंत करतात. शंभर रुपये तिघांत वाटायचे आहेत: १०००० पैसे भागिले ३, भागाकार ३३३३, बाकी १. हा एक पैसा कोणाला द्यायचा ते माणसाने ठरवावे. पूर्णांकांचा भागाकार बाकी समोर आणून ठेवतो, दशांशाचा भागाकार ती लपवतो. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ पूर्वी रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै असत, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. तेव्हा एक रुपया तिघांत वाटला तर प्रत्येकाला नेमके पाच आणे चार पै मिळत आणि बाकी काहीच उरत नसे! १९२ ला ३ ने भाग जातो, १०० ला जात नाही. भाग निःशेष जाणे हे किती वाटायचे यावर अवलंबून असते, तसेच आपण कोणते एकक घेतले यावरही.

शेवटी काय लक्षात ठेवायचे?

भागाकार लिहिण्यापूर्वी स्वतःला विचारा: मी मोजतो आहे की मापतो आहे? मोजत असाल तर पूर्णांकांचा भागाकार घ्या आणि बाकीचे काय करायचे ते ठरवा. मापत असाल तर दशांशांचा भागाकार घ्या. शक्य तेथे बेरीज-गुणाकार आधी आणि भागाकार शेवटी करा. आणि आलेले उत्तर एका लहानशा, वहीवर सोडवलेल्या उदाहरणाशी ताडून पाहा. मात्र ते उदाहरण विषम संख्येचे निवडा. सम संख्या घेतली तर चूक दिसणारच नाही.

त्या विद्यार्थिनीने नेमके हेच केले होते. तिने स्वतःचे गुण वहीवर मांडले आणि मैत्रिणीचे शेजारी मांडले. आम्ही तो कागद कार्यालयात दाखवला. आधी सहा विषयांची बेरीज करून मग निम्मे करावे, असा बदल झाला आणि सगळ्या वर्गाचे तक्ते पुन्हा छापले गेले. तपासले तेव्हा लक्षात आले, की वर्गातल्या अनेकांचे गुण असेच छाटले गेले होते. विचारणारी मात्र ती एकटीच निघाली.

करून पाहा

(संगणकावर लिहिताना अंक इंग्रजी पद्धतीने लिहा.)

१. शाळेच्या सहलीला १३० मुले आहेत. एका बसमध्ये ४० बसतात. १३० // ४० इतक्या बस मागवल्या तर किती मुले मागे राहतील? मुलांच्या संख्येत आधी ३९ मिळवून मग ४० ने भागले तर काय होते? १२० आणि १२१ मुलांसाठीही पाहा.

२. एका रुग्णाचा ताप १०४ अंश फॅरनहाइट आहे. सी भाषेत '५ / ९ × (१०४ − ३२)' आणि '५.० / ९.० × (१०४ − ३२)' यांची उत्तरे काय येतील?

३. आता घड्याळात ३ वाजले आहेत. पाच तासांपूर्वी किती वाजले होते, हे बाकी काढून सांगा. पायथन आणि सी यांची उत्तरे निराळी का येतात?

४. ०.१ मध्ये ०.१ असे मिळवत जाऊन दहा वेळा बेरीज करा. उत्तर १ येते का? मग ०.१२५ घेऊन आठ वेळा तसेच करा. या वेळी काय फरक पडला आणि का?

उत्तरे: (१) १० मुले मागे राहतील. ३९ मिळवल्यावर ४ बस. १२० मुलांना ३ आणि १२१ मुलांना ४. (२) पहिले ०, दुसरे ४०. (३) १० वाजले होते. −२ ला १२ ने भागून पायथन बाकी १० देतो, सी −२ देते. (४) पहिल्यात ०.९९९९९९९९९९९९९९९९ येते. दुसऱ्यात नेमके १ येते, कारण ०.१२५ म्हणजे १ भागिले ८, आणि ८ चा मूळ अवयव फक्त २ आहे.